हेझलचे तीन कार्टन

"माझे तिन्ही कार्टन आहेत ना गं नीट?" हेझलनं वसईहून फोनवर विचारलं, आणि वीणानं "आहेत की" म्हणून टाकलं.

फोन ठेवल्यावर आपण काय बोलून बसलो ते तिच्या लक्षात आलं. कार्टन नव्हते. एप्रिलमध्येच ते तिनं एका बाईला देऊन टाकले होते, तेही हेझलला न विचारता. आणि हेझल शुक्रवारी रात्रीच्या विमानानं येणार होती, दुबईत करामा भागात मावसभावाकडे उतरणार होती आणि शनिवारी सकाळी अकराला सामान न्यायला वीणाकडे येणार होती. सोमवारी एका शाळेत तिची डेमो होती, नोकरी देण्याआधी वर्गात शिकवून बघायला लावतात ती. तीन वर्षं अर्ज करकरून मिळालेली ही पहिली डेमो. दुसरीच्या मुलांना घड्याळ शिकवायचं होतं, आणि ते ती आपल्या चाळीस कार्डांनी शिकवणार होती. ती कार्डं त्या तिनांतल्याच एका कार्टनमध्ये होती.

बुधवारची दुपार. वीणा नुकतीच शाळेतून आली होती. तिनं फ्रिज उघडला, आत बघितलं, काही न घेता बंद केला. बाल्कनीत जाऊन वाळलेले कपडे काढले आणि घडी न करता पलंगावर टाकले. मग लेकीच्या, मिहिकाच्या, खोलीच्या दाराशी जाऊन उभी राहिली. खोलीत भिंतीला लावून बारा कार्टन होते. बाराच्या बारा तिचे स्वतःचे.

प्राथमिक शाळेत वीस वर्षं काढलेल्या बाईला काही म्हणजे काही टाकवत नाही, हे ज्यांच्या घरात अशी बाई आहे त्यांना सांगायला नको. आइस्क्रीमच्या काड्या, अंड्यांचे ट्रे, टॉयलेट रोलच्या नळ्या, लबनच्या, म्हणजे इथल्या ताकाच्या, बाटल्यांची निळी झाकणं, सगळ्याचं पुढे काहीतरी होणार असतं. झाकणांची मोजणी होते, नळ्यांचे हत्ती होतात. उपेंद्रनं, म्हणजे वीणाच्या नवऱ्यानं, एकदा घाईत झाकणांची पिशवी कचऱ्यात टाकली होती. त्यानंतर दोन दिवस ती त्याच्याशी कामापुरतंच बोलली होती.

आणि हे सगळं काही तिनं एकटीनं जमवलेलं नव्हतं. दुबईतल्या तिच्या शाळेत एक रीत होती, टेबल लावायची. एखादी शिक्षिका देश सोडून निघाली की शेवटच्या दिवशी ती आपले तक्ते, कार्डं, कठपुतळ्या, सगळं स्टाफरूमच्या लांब टेबलावर मांडायची. बाकीच्या जणी येऊन हवं ते उचलायच्या. उचललेल्या वस्तूच्या पाठीवर जाणारीचं नाव असायचं. ते एका रेघेनं खोडायचं आणि खाली आपलं लिहायचं. नाव खोडलं की वस्तू तुमची, मग कुणी परत मागायचं नाही. वीणाकडे भारताचा एक नकाशा होता. त्याच्या पाठीवर पाच नावं होती आणि त्यांतली चार खोडलेली होती. इथे कोण किती दिवसांचं असतं ते त्या नकाशाच्या पाठीवर नीट वाचता यायचं.

हेझलनं मात्र टेबल लावलं नव्हतं. तिचा नवरा डेरिक ज्या हॉटेलात होता त्यानं माणसं कमी केली, त्यात डेरिकची नोकरी गेली, आणि ती त्याच्याच व्हिसावर होती. महिन्याभरात दोघांना वसईला जावं लागलं. शेवटच्या दिवशी सगळ्या जणी टेबलाकडे बघत होत्या आणि टेबल रिकामं होतं. हेझलनं तीन कार्टन तपकिरी टेपनं बंद केले, त्यांवर लाल मार्करनं 'हेझल. हात लावू नका.' असं लिहिलं आणि वीणाच्या गाडीत चढवले. "टेबल लावलं की माणूस गेलं," ती म्हणाली होती, "मी नाही लावणार. सहा महिन्यांत येत्ये परत." अकरा वर्षं दोघींनी एक वर्ग सोडून दुसऱ्या वर्गात शिकवलं होतं, एकच कपाट वापरलं होतं. ठेवते म्हटल्यावर ठेवणं आलंच.

सहा महिन्यांची तीन वर्षं झाली. यंदा मिहिकाचं पुण्यातलं शिक्षण संपलं, तिला दुबईतच नोकरी लागली आणि तिची खोली मोकळी करायची वेळ आली. उपेंद्र म्हणाला, "गोडाउन घेऊया का भाड्यानं? महिन्याला दोनशे दिरॅम, म्हणजे जवळजवळ पाच हजार रुपये. टॉयलेट रोलच्या नळ्यांसाठी." त्याच आठवड्यात एका ट्रेनिंगला वीणाच्या शेजारी हव्वाबी बसली होती. मूळची श्रीवर्धनची, दुबईपासून तासाभरावरच्या उम्म अल कुवैनच्या एका छोट्या शाळेत शिकवणारी. "आमच्याकडे भिंतीच आहेत, मॅडम. भिंतीवर काही नाही," ती म्हणाली. वीणानं तिथल्या तिथे तिला शनिवारी घरी बोलावलं. भावाची पिकअप घेऊन ती आली आणि तीन कार्टन घेऊन गेली.

हेझलचे कार्टन दाराजवळ होते म्हणून ते गेले, असं वीणानं नंतर स्वतःला बऱ्याचदा सांगितलं होतं. ते खोटं होतं. ते खिडकीखाली, सगळ्यांच्या मागे होते. तिथवर पोचायला तिनं स्वतःचे चार कार्टन उचलून बाजूला ठेवले होते, आणि चौथा ठेवताना कंबर धरली होती. लाल अक्षरं दिसली तेव्हा हव्वाबीनं विचारलंही, "हे कुणाचे?" वीणा म्हणाली होती, "माझ्या मैत्रिणीचे. ती काही आता येत नाही."

बुधवार, गुरुवार तिनं कसे काढले तिचं तिलाच माहीत. वर्गात हजेरी दोनदा घेतली. देवांश नावाचा मुलगा म्हणाला, "मिस, यू ऑलरेडी डिड दिस," तर त्याच्यावर खेकसली. गुरुवारी हव्वाबीला फोन लावला आणि "कार्टन परत हवेत" हे तीन शब्द सोडून बाकी सगळं बोलली. शेवटी "उद्या जरा येऊन जाते" म्हणाली. हव्वाबीला इतका आनंद झाला की वीणाचं तोंड आणखीच बंद झालं.

शुक्रवारी अर्ध्या दिवसाची शाळा. दुपारी जेवून ती उपेंद्रला घेऊन निघाली. शारजा मागे पडलं. उपेंद्र म्हणाला, "नक्की काय करायचंय तिथे?"

"कार्टन परत मागायचे. निदान कार्डं तरी."

"दिलेली वस्तू मागायची?"

"माझी होती का ती, दिलेली म्हणायला?"

यावर त्यानं नुसता एसी वाढवला. वीणाला वाटलं, बोलला असता तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं.

हव्वाबी शाळेच्या फाटकाशीच उभी होती. औद्योगिक भागाला लागून असलेली बैठी शाळा, आवारात शमीसारखं दिसणारं एक गाफचं झाड, मुलं केव्हाच घरी गेलेली. तिनं वर्गाचं कुलूप काढलं आणि दिवे लावले, आणि वीणा दारातच थांबली.

तिन्ही कार्टन भिंतींवर होते. हेझलची फळं, हेझलचे ऋतू, हेझलचा हवामानाप्रमाणे कपडे बदलणारा पुठ्ठ्याचा मुलगा. घड्याळाची कार्डं एका दोरीवर कपड्यांच्या चिमट्यांनी ओळीनं टांगलेली, मुलांच्या हाताला येतील इतक्या उंचीवर. तीन वर्षं अंधारात पडलेल्या त्या वस्तूंवर दोन महिन्यांत पन्नास-साठ हातांचे डाग पडले होते.

"बघा ना, मॅडम," हव्वाबी एक कार्ड काढून देत म्हणाली, "हे तर सबसे फेवरिट. फक्त कोपरे फार शार्प होते. पोरांच्या हाताला लागायचे. मी एक दिवस बसून सगळे राउंड करून घेतले. चालेल ना?"

"चालेल," वीणा म्हणाली. तिनं कार्ड उलटं केलं. पाठीवर 'हेझल' लिहिलेलं होतं, त्यावर पट्टी धरून मारलेली सरळ रेघ होती आणि खाली 'हव्वाबी' होतं. टेबलाची रीत तिला कुणी सांगितली नव्हती.

"हव्वाबी, ही कार्डं सोमवारी..." वीणानं सुरुवात केली.

"हां, सोमवारीच. तुम्हाला कुणी सांगितलं?" हव्वाबी खूश झाली. "सोमवारी पोरांचे आईबाप येणार आहेत. प्रत्येक पोर एक कार्ड हातात धरून सांगणार, मी किती वाजता उठतो, अब्बा किती वाजता ड्युटीला जातो. इन्शाल्ला, छान होईल. तुम्ही पण या. तुमच्या मैत्रिणीला व्हिडिओ पाठवीन, तिला बरं वाटेल."

वीणानं कार्ड परत चिमट्याला लावलं. परतीच्या वाटेवर हव्वाबीनं दिलेलं शेवयांचं पाकीट तिच्या मांडीवर होतं. उपेंद्र म्हणाला, "हेझलला खरं सांगून टाक. ती काय खाणार आहे का तुला?"

"तू गाडी चालव," वीणा म्हणाली.

पण घर येईपर्यंत तिला मार्ग सापडला होता, आणि तो सापडल्याचा तिला चक्क आनंद झाला होता. घड्याळाची कार्डं तिच्याकडेही होती. सात वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात दोघींनी एकाच प्रिंटआउटवरून, एकाच मशीनवर लॅमिनेट करून ती बनवली होती, चाळीस हिची, चाळीस तिची. चित्रं तीच, रंग तेच. ऋतूंचे तक्तेही जवळजवळ सारखेच होते. तिच्या बारा कार्टनांतून हेझलचे तीन सहज निघणार होते. सात वर्षांत कोण काय लक्षात ठेवतं?

तिनं आल्या आल्या कामाला हात घातला. कागदी टेप, तपकिरी टेप, लाल मार्कर. कार्डांच्या पाठीवरचं 'वीणा' तिनं सॅनिटायझरच्या बोळ्यानं पुसलं आणि हेझलसारखं डावीकडे झुकणारं 'हेझल' लिहिलं. अशी चाळीस वेळा सही केली. मिहिका दारात उभी राहून बघत होती.

"आई, दिस इज फोर्जरी."

"काही फोर्जरी नाही. तिचं गेलं, माझं देत्ये. हिशेब बरोबर."

"देन जस्ट टेल हर."

"तू तुझी बॅग अनपॅक कर," वीणा म्हणाली. एका दिवसात दुसऱ्या माणसाला तिनं असं गप्प केलं होतं.

शनिवारी अकराला दहा मिनिटं असतानाच बेल वाजली. हेझल थोडी वाळली होती, कपाळावरचे केस पांढरे झाले होते, आणि हातात वसईच्या सुकवलेल्या केळ्यांची, सुकेळीची, दोन पाकिटं होती. दारातच तिनं वीणाला मिठी मारली आणि बराच वेळ सोडलं नाही. चहा नको म्हणाली, पाणीही नको म्हणाली. "आधी दाखव," एवढंच.

खोलीच्या मधोमध तीन कार्टन होते, लाल अक्षरं पुढे करून. हेझल खाली मांडी घालून बसली आणि पहिल्या कार्टनवर नुसता हात ठेवून राहिली.

"तुला सांगू, वीणा, वसईत सगळ्यांनी मला वेड्यात काढलं. आई म्हणे, तिकडचं खलास झालं, इथल्या शाळेत बघ. डेरिक पण तेच. मी म्हणायचे, माझं सामान आहे तिकडे. मला जायलाच लागेल. दर वेळी हेच. दुसरं काय सांगणार? जॉब नाही, व्हिसा नाही. सामान आहे, एवढं एकच खरं होतं माझ्याकडे."

आत्ता सांगावं, वीणाला वाटलं. पण तेवढ्यात हेझलनं टेप ओढली.

कार्डं वरच होती. हेझलनं गठ्ठा हातात घेतला, पाठीवरचं नाव बघितलं, हसली. मग पत्ते पिसतात तसा गठ्ठा एकदा फिरवला आणि तिचा अंगठा एका कोपऱ्यावर थांबला. दुसऱ्या कार्डाचा कोपरा, तिसऱ्याचा. तिनं गठ्ठा खाली ठेवला.

"ही तुझी आहेत," ती म्हणाली.

"अगं, नाही..."

"तू कोपरे गोल कापतेस. अकरा वर्षं माझ्या डोक्याशी कटकट केलीस, मुलांना लागतात, गोल काप, गोल काप. मी कधी कापले नाहीत. मला कंटाळा यायचा." तिनं दुसरा कार्टन उघडला, वरचा तक्ता बघितला, तिसरा उघडायची तसदी घेतली नाही. "माझं सामान कुठे आहे?"

वीणानं सांगितलं. एप्रिल, मिहिकाची खोली, हव्वाबी, उम्म अल कुवैन. मिहिका दारातून हळूच निघून गेली. सगळं ऐकून झाल्यावर हेझलनं भिंतीकडे बघितलं. तिथे वीणाचे उरलेले नऊ कार्टन होते.

"तुझे किती होते तेव्हा?"

"बारा."

"आणि माझे तीन. तीनच द्यायचे होते ना? मग माझेच का?"

वीणाला उत्तरं खूप सुचली. जागा, घाई, उपेंद्र, तू येशील असं वाटलं नाही. यातलं शेवटचं तर ती बोलणारच होती. पण समोर हेझल बसली होती, विमानातून काल रात्री उतरलेली, आणि तिच्या हातात अजून टेपचा तुकडा चिकटलेला होता.

"तुझे देताना मला काही वाटलं नाही," वीणा म्हणाली. "माझा एखादा कार्टन उघडला की तो देववेना. नळ्यासुद्धा देववेनात. तुझे दिले आणि हलकं वाटलं. तुला विचारावं असंही वाटलं नाही, कारण तू नाही म्हणाली असतीस. लाज वाटते मला."

बाहेर मेट्रो गेल्याचा आवाज आला. हेझलनं बोटाला चिकटलेली टेप सोडवली आणि तिची गोळी केली.

"ती बाई काय करते त्यांचं?"

"वर्गात लावलंय सगळं. मुलं हाताळतात. सोमवारी तिच्याकडे पालक येणार आहेत, मुलं कार्डं धरून बोलणार आहेत. तुझं नाव खोडून तिनं आपलं लिहिलंय." वीणानं कार्डांच्या गठ्ठ्याकडे बघितलं. "आणि कोपरे गोल केलेत."

हेझलच्या ओठांच्या कडा हलल्या, पण ते हसू नव्हतं. "म्हणजे लागलं माझं टेबल," ती म्हणाली. "मी नसताना तूच लावलंस."

वीणा रडली. हेझल रडली नाही. तिनं घड्याळाची कार्डं पुन्हा जवळ ओढली. "कात्री दे."

"कशाला?"

"सोमवारी मला वर्गात ही माझी वाटली पाहिजेत. हात ओळखतो गं. दुसऱ्याची वस्तू घेऊन मला शिकवता येत नाही. कात्री दे."

वीणानं कात्री आणून दिली. हेझलनं पहिलं कार्ड घेतलं आणि चारी बाजूंनी दोन-दोन सूत प्लास्टिक कापून काढलं. कोपरे टोकदार झाले. कडेचं प्लास्टिक असं कापलं की पकड जाते, कागद उघडा पडतो, वर्षा-दोन वर्षांत कार्ड उकलायला लागतं, हे वीणाला माहीत होतं आणि हेझललाही माहीत होतं. दुसरं कार्ड. तिसरं. प्लास्टिकच्या बारीक चकाकत्या पट्ट्या फरशीवर पडत होत्या आणि वीणाचा हात सवयीनं त्या गोळा करायला पुढे गेला, कारण कशाला ना कशाला त्या उपयोगी पडल्या असत्या. मग तिनं हात मागे घेतला.

दहाव्या कार्डाला हेझलनं कात्री तिच्यासमोर धरली. "बाकीची तू काप."

"मी?"

"तूच."

वीणा तिच्यासमोर बसली. आंघोळीचं घड्याळ, डब्याचं घड्याळ, शाळा सुटल्याचं घड्याळ. सात वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात एकेक कोपरा वळवून गोल केला होता, पाच मिनिटं एका कार्डाला. आता ती सरळ कापत होती. हेझलनं मार्कर घेतला, कापून झालेलं कार्ड उलटं केलं, वीणानं तिच्या अक्षराची नक्कल करून लिहिलेलं 'हेझल' एका रेघेनं खोडलं आणि त्याखाली आपल्या अक्षरात 'हेझल' लिहिलं. उपेंद्र दारातून डोकावला आणि चहाचे दोन कप जमिनीवर ठेवून गेला. ते कुणी उचलले नाहीत.

तेविसाव्या की चोविसाव्या कार्डाला वीणाच्या अंगठ्यात कोपरा घुसला. रक्त आलं नाही, पण ती कळवळली आणि हात झटकला.

"लागलं?" हेझलनं विचारलं.

"हो."

"लागू दे," हेझल म्हणाली, आणि पुढचं कार्ड तिच्या हातात दिलं.